माशाची उजवी बाजू

१

मासा ठेवायचा तो तोंड डावीकडे आणि शेपूट उजवीकडे करून. त्या खिडकीवरचा हा पहिला नियम होता, आणि तो का आहे, हे कुणालाच धड सांगता येत नसे. पुस्तकांतले मासे असेच काढलेले असतात, सगळे एका दिशेला निघालेले, जसं काही पानाच्या डाव्या कडेला कुणी काहीतरी फुकट वाटतंय. फोटो काढायचा तर डाव्या बाजूचा, चित्र काढायचं तर डाव्या बाजूचं. चिरायचा असेल, मांसाचा तुकडा तपासायला घ्यायचा असेल, तर तो उजव्या बाजूने. एरवी तिकडे बघायचं कारणच नसे. दोन्ही बाजू सारख्याच असणार, आणखी काय.

खिडकीमागे ती बसायची. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लांब दगडी धक्का होता आणि धक्क्याच्या तोंडाशी मत्स्यखात्याची ही खोली. टेबल, पांढरा ट्रे, नळ, बर्फाची पेटी आणि कितीही घासला तरी न जाणारा वास. गळ टाकून बसणारी हौशी मंडळी हाती लागेल ते घेऊन यायची आणि विचारायची, "ताई, हा कुठला?" नदीतला रोहू, मरळ, खाडीतली बोय, शेंगाळा, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत सासर-माहेर असल्यासारखा हिंडणारा जिताडा, खडकातली तांब. कुठला खायचा, कुठल्याच्या काट्याला हात लावायचा नाही, कुठला अजून पोर आहे म्हणून सोडून द्यायचा, हे ती सांगायची. पर, खवले, तोंडाची ठेवण बघितली की तिला पुरे व्हायचं. मासा किती जोरात ओढत होता याच्या कहाण्या ती ऐकून घ्यायची, पण ओळखायला त्यांचा उपयोग शून्य.

धक्क्याच्या टोकाला, पायऱ्या पाण्यात उतरतात तिथे, मोठा बोर्ड होता. 'आपण पकडलेला मासा ओळखा.' त्यावरचे सगळे मासे तिनेच रंगवले होते आणि तळाची ओळही तिचीच होती: ओळख पटली नाही तर मासा परत पाण्यात सोडा. खालच्या कोपऱ्यात मासा कसा धरावा हे दाखवणारा एक माणूस होता, एक हात पोटाखाली, एक शेपटीशी, आणि माशांच्या रांगेत त्याचंही तोंड डावीकडे. तो तिचा नवरा. स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून, हातात गुंडाळलेला टॉवेल देऊन तिने त्याला काढला होता. "टॉवेल ताजा आहे ना?" असं तो सारखं विचारत होता आणि हसण्याने तिचा ब्रश हलत होता.

त्या बोर्डात दोन खोट्या गोष्टी होत्या, आणि त्या काय आहेत ते तिलाच माहीत होतं. एक तांबेच्या शेपटीच्या बुडाशी. तिथे ब्रशातून काळा थेंब पडला, पुसायला गेली तर बारीक फराटा उठला, मग तिने कंटाळून त्याचा गोल ठिपका करून टाकला. बघता बघता लोक एकमेकांना शिकवायला लागले की शेपटीशी ठिपका ती तांब, आणि ठिपका दिसला नाही की चष्म्याला दोष द्यायचे.

दुसरी खोटी गोष्ट नवऱ्याच्या कानाची. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं मासे धरायला गेली तेव्हा तिने मागे न बघता काठी फिरवली आणि गळ त्याच्या डाव्या कानात अडकला. पाळी फाटली ती फाटलीच, भरून आल्यावरही खाच राहिली. "मी हिच्या गळाला लागलो," हे तो आल्यागेल्याला कान दाखवून सांगायचा, आणि सासूबाई म्हणायच्या, "बरं झालं. नाहीतर तुला घेतलं कुणी असतं?" पण साहेब म्हणाले, सरकारी बोर्डावर फाटका कान नको, लोक बिचकतील. तेव्हा चित्रात तिने पाळी अख्खी केली.

मागच्या वादळात हा बोर्ड उखडून पायऱ्यांवर उपडा पडला, तोंड पाण्यात. क्रेनवाल्याला सवड होईपर्यंत भरती-ओहोटी त्याच्यावरून जात राहिली. मग उचलला, धुतला, पुन्हा उभा केला. रंगाचा टवकाही उडाला नव्हता, आणि तिला आपल्या कामाचा जरा अभिमानच वाटला.

२

फिटरकाका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज धक्क्यावर असायचे. धरलेल्या माशांपेक्षा सुटलेल्या माशांवर त्यांचं प्रेम जास्त. त्या सकाळी मात्र ते गप्प आले आणि बादली खिडकीवर ठेवली.

"ताई, तुमच्या बोर्डावरचीच धरून आणलीय. पण मला काही ही आवडली नाही."

"का? चांगली मोठी आहे की."

"झुंजली नाही हो. ओल्या कागदासारखी आली वर. आणि पाण्यात आडवी पडून पोहत होती, हीच बाजू वर करून."

तांब होती. लालसर, खवले टपोरे, पाठीवरचा पर ताठ. तिने सवयीने तोंड डावीकडे करून ट्रेमध्ये ठेवली आणि शेपटीशी तिची नजर अडकली. काळा ठिपका होता. तिला आधी हसू आलं.

"काका, थट्टा चांगली आहे. पेनाने काढलात?"

"मी कशाला काढू? ठिपका असतोच ना तिथे. तुमच्या बोर्डावर आहे."

तिने नळाखाली धरून अंगठ्याने घासलं, मग साबणाने घासलं. ठिपका खवल्यांच्या आतून होता. खवल्यांचे रंग कमीजास्त होतात, दोन जातींचा संकर होतो, तळातल्या गाळाने डाग पडतात. ही सगळी कारणं तिने मनात मांडली आणि प्रत्येकाला मान डोलावली. मग तिने भिंग घेतलं. ठिपक्याच्या खालून एक बारीक फराटा मागे गेला होता, पुसताना उठतो तसा.

सवय नसताना तिने मासा उलटा केला.

दुसरी बाजू पांढरी होती. खवले नाहीत, डोळा नाही, कल्ल्याची चीर नाही, तोंडाची रेघ नाही. कुणी कुरतडलेलं नाही, सोललेलं नाही, जखम नाही. नुसती गुळगुळीत, ओली, कोरी.

"असा मासा असतो का, ताई?" काकांनी विचारलं.

"लेप असतो," ती म्हणाली. "तळाला चिकटून पडतो, दोन्ही डोळे वरच्या अंगाला. खालचं अंग असंच पांढरं असतं."

"मग हा लेप आहे?"

"नाही."

काका बादली न घेताच गेले.

तिने साहेबांना फोन लावायच्या आधी मासा पांढरी बाजू वर करून नीट ठेवला, ट्रे झाकला आणि आतल्या खोलीत गेली. साहेब म्हणाले, निसर्गात चुका होतात, बर्फात घालून पाठवून द्या. निसर्गात होतात, पण ही चूक माझी आहे, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. परत येऊन बघते तर मासा डावी बाजू वर करून पडलेला, तोंड डावीकडे, बोर्डावरच्यासारखा.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मीच वळवला. उलटा ठेवला होता कुणीतरी. तुम्हीच सांगितलंय ना, तोंड डावीकडे म्हणून?"

ती मोठ्यांदा हसली, जरा जास्तच मोठ्यांदा. भीतीचं कारण सापडलं की माणूस असंच हसतो. पण मावशींनी हात पुसत विचारलं, "त्याचा दुसरा डोळा कुठाय हो?"

३

नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात, तिथे कोण कुणाचं तोंड बघतं. सुट्टीच्या सकाळी तो धक्क्यावर गळ टाकायचा आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने पण भरल्या तोंडाने परत यायचा. बोर्ड पुन्हा उभा केला त्यानंतरच्या रविवारीही तो उजाडता गेला होता. आला तो नखशिखान्त भिजून. काठी गेली होती.

"घसरलो," एवढंच म्हणाला.

"मासे पोट धरून हसले असतील," ती म्हणाली होती, पण त्याने उलट काही सुनावलं नाही. तेव्हापासून तो निवळलाच होता. रिमोटवरून भांडण नाही, जेवताना टोमणे नाहीत, सांगितलेलं काम निमूट करायचा. तिला खरं तर बरंच वाटलं होतं. बायका नवऱ्याच्या स्वभावाला औषध शोधतात, इथे नुसत्या पाण्याने गुण आला, असं ती मैत्रिणीला म्हणालीही होती.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर ती त्याच्याकडे बघत होती. कारण काही नव्हतं, दिवसभर पांढरं डोळ्यांपुढे होतं म्हणून कुठेतरी नजर टेकवायची होती. तो तिच्या उजवीला बसलेला, म्हणजे त्याची डावी बाजू तिच्याकडे. गाल, जबडा, मानेवरचे केस. आणि कान.

पाळी अख्खी होती.

खाच भरून आली होती असं नव्हे, ती कधी पडलेलीच नव्हती. तिने पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा बघितलं.

"तुझा कान बघू."

"काय झालं?" तो म्हणाला. नजर ताटात.

"काही नाही. जेव."

कान उजवा होता का? गळ मागून आला होता, ती पुढे होती, तो नदीकडे तोंड करून... की तिच्याकडे? इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट, पण कुठला कान हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. भांडी आवरल्यावर ती फोनमधले फोटो काढून बसली. स्वतःच स्वतःचे काढलेले फोटो आरशासारखे उलटे निघतात, काही निघत नाहीत, आणि कुठला कसला हे काही केल्या ठरेना. मासे धरतानाच्या सगळ्या फोटोंत कानांपर्यंत ओढलेली टोपी. लग्नाचा फोटो गळाच्या आधीचा. माशाचा एक पर चुकला तर लोकांना ऐकवणारी ही बाई, नवऱ्याचा फाटका कान डावा की उजवा हे छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. फक्त टेबलाशी एक खुर्ची हलली होती. सासूबाई लेकाच्या उजव्या हाताला बसायच्या, वर्षानुवर्षं. आता त्यांची खुर्ची तिच्या शेजारी होती, आणि ती तिथे कधी आली हेही तिला आठवेना.

४

एकदा उजव्या बाजूचा विचार डोक्यात शिरला की निघत नाही. गाडी तो चालवायचा, ती त्याच्या डावीला. झोपायचा तो उजव्या कुशीवर, गाल उशीत रुतवून. घरात यायचा तो भिंतीकडे तोंड करून चपला काढत. बोलायचा तो टीव्हीकडे, ताटाकडे, खिडकीकडे बघत. समोरून तो शेवटचा कधी दिसला होता?

पण मग तिची बुद्धी तिलाच फटकारायची. कुठला नवरा बायकोकडे समोरून बघून बोलतो? संसार जुना झाला की माणसं एकमेकांना बाजूनेच दिसतात. ती पाणी द्यायच्या निमित्ताने त्याच्या उजवीकडून गेली तर तो नेमका वाकून काहीतरी उचलत होता. पलंगाला वळसा घालून गेली तर त्याने पांघरूण डोक्यावर घेतलं. थंडी वाजते म्हणाला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि सगळी कारणं एकाच बाजूची होती.

दुपारी कपडे वाळत घालताना तिने सासूबाईंना सहज विचारावं तसं विचारलं, "आई, तुम्ही जागा का बदललीत?"

"तिकडे वारा लागतो मला."

"तिकडे खिडकी नाहीये, आई."

"मग नसेल."

सासूबाईंची जीभ म्हणजे कात्री. सून असो की डॉक्टर, त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. पण गेले कित्येक दिवस त्यांनी लेकाची एकदाही खोडी काढली नव्हती, हे तिला आत्ता जाणवलं. त्यांनी एक चादर झटकली, पुन्हा झटकली, दोरीवर टाकली आणि ती सरळ करत राहिल्या.

"परवा तो इथे बसला होता," त्या म्हणाल्या. "मी दारात होते, त्याच्या उजव्या अंगाला. हाक मारली. त्याला ऐकू नाही गेलं."

"मग?"

"मग काही नाही. पुन्हा नाही मारली."

"का?"

"वळला असता."

चादरीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. सासूबाईंनी तिचा हात धरला. म्हातारीचा हात थंडगार पडला होता.

"सूनबाई, तू जगाला मासे ओळखून देतेस. आता घरातलं एकदा बघ. तो माझाच आहे म्हणालीस तरी चालेल, मी मान डोलवेन. पण बघून सांग. मला नाही बघवत."

५

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती धक्क्याच्या टोकाला गेली. बोर्डापासून बऱ्याच अंतरावर फिटरकाका गळ टाकून बसले होते. त्यांची नेहमीची जागा बोर्डाच्या सावलीतली.

तांब होती, ठिपका होता, त्याच्या मागचा फराटा होता. सगळे मासे डावीकडे निघालेले. ती कोपऱ्याशी खाली बसली.

चित्रातल्या माणसाच्या कानाची पाळी फाटकी होती.

तिने नख लावून बघितलं. खरवडलेली नव्हती, रंग उडालेला नव्हता. रंगवलेलीच होती, तिच्याच हाताच्या वळणाने, खाचेच्या कडेला तिची सावली द्यायची पद्धत होती तशी सावलीसुद्धा. उन्हाने बोर्ड पोळत होता, पण त्या कोपऱ्यात हात ठेवला तर गार लागला. बोटं ओली झाली. तिने ती चाटून बघितली, का ते तिलाही कळलं नाही. खारट होतं.

"काका, ह्या माणसाचा कान असाच होता का हो?"

"मी मासे बघतो, ताई. माणसाकडे कोण बघतं?" काका तिथूनच म्हणाले. उठून काही आले नाहीत.

आपण कान अख्खा केला होता की करायचा राहून गेला होता? साहेबांनी सांगितलं, तिने हो म्हटलं, पण ब्रश हातात घेतल्याचं आठवतं का? आठवत होतं. आठवतंय असं वाटत होतं. ती उठून बोर्डाच्या मागे गेली. मागे नुसती पांढरी फळी होती. बोर्डाला मागून कोण रंगवतं?

आणि त्या कोऱ्या फळीसमोर उभं राहिल्यावर तिला रडू फुटलं. तिला तिचा नवरा हवा होता. रिमोटवरून भांडणारा, जेवताना बोलून बोलून ताट गार करणारा, फाटक्या कानाचा. घरातला माणूस शहाणा होता, कामसू होता, आणि इतके दिवस तो आवडून घेतला याची तिला लाज वाटली.

६

संध्याकाळी तो खिडकीपाशी बसला होता, उजवा खांदा भिंतीला लावून. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी सुनेकडे बघितलं आणि आत जाऊन नळ मोठा सोडला.

तिने त्याची खुर्ची पुढे ओढली. भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये ती मावेल एवढी जागा झाली.

"इकडे बघ."

"कशाला?"

"बघ ना."

तो वळायला लागला. सावकाश, सांगितलेलं काम करावं तसा. तिला पूर्ण दिसलं नाही, कारण तिने डोळे मिटले. त्याआधी नाकाची कड दिसली, आणि कडेपलीकडे जिथे गाल सुरू व्हायला हवा होता तिथे ट्रेसारखं पांढरं काहीतरी, ओलसर, त्यावर खिडकीचा उजेड पडलेला.

"सांग ना," तो हळूच म्हणाला. आवाज त्याचाच होता. "कुठला?"

खिडकीवर येणारी माणसं विचारतात तसंच त्याने विचारलं. त्यात धाक नव्हता. उलट अजिजी होती, आणि तिला तीच सहन होईना.

"मला ओळखता येत नाही," ती म्हणाली.

"मग?"

मग काय करायचं ते तिनेच बोर्डाच्या तळाशी लिहून ठेवलं होतं.

ते दोघं बाहेर पडले. त्याने डावा हात पुढे केला तो तिने धरला. हात ऊबदार होता. वाटेत तिचं मन शंभरदा फिरलं. हा आजार असेल तर? चेहऱ्याची एक बाजू जाते माणसांची, ऐकलंय आपण. आपणच थकलो असू, आपल्यालाच डॉक्टरची गरज असेल. हा तोच असेल तर आपण हे काय करतोय? धक्क्यावर दिवे नुकते लागत होते, दोन-चार जण काठ्या गुंडाळून घरी निघाले होते, एकाने तिला ओळखून मान हलवली. ती प्रत्येक दिव्याशी थांबायचं ठरवायची आणि पुढच्या दिव्यापर्यंत जायची.

पायऱ्यांशी तिने हात सोडला. सोडला की सुटला, हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. तो एक एक पायरी उतरत गेला. गुडघे, कंबर. मग रोज पलंगावर पडायचा तसा उजव्या कुशीवर आडवा झाला आणि पाणी त्याच्यावरून सरकलं. बुडबुडा नाही, आवाज नाही. ती बघतच राहिली. "थांब," ती म्हणाली, पण ते म्हणायची वेळ केव्हाच गेली होती.

तिच्या मागे दगडावर ओली पावलं वाजली.

"टॉवेल ताजा आहे ना?"

ते शब्द त्या दोघांखेरीज जगात कुणाला ठाऊक नव्हते. ती हसली की रडली, दोन्ही एकदमच झालं. वळली. दिव्याखाली तो उभा होता, अंगातून पाणी गळतंय, उजवी बाजू तिच्याकडे. डोळा होता, गाल होता, कान होता. गालाला हात लावला, दाढीचे खुंट टोचले. तिचा जीव भांड्यात पडायला आला होता, पण पडेना. ती त्या गालावर ओळखीची खूण शोधत होती. डोळ्याखालचा तीळ नेहमीचा की नवा? भुवईचं वळण असंच होतं? तोच असेल. असायलाच हवा. पण ही बाजू तिने कधी पाठच केली नव्हती.

"जरा वळ ना," ती म्हणाली. "कान बघू दे."

"घरी चल आधी," तो म्हणाला. "आई वाट बघत असेल."

चालताना तो बोलत होता, चक्क बडबडत होता, काठी हरवल्याबद्दल कुरकुरत होता. ती त्याच्या उजव्या हाताला होती. दोनदा तिने बाजू बदलायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा वाटेत कुणीतरी आलं, म्हणून राहिलं. मागे वळून बोर्डाकडे बघायचं तिला सुचलं तेव्हा तो फार लांब राहिला होता.

सासूबाईंनी टॉवेल दिला, जेवायला वाढलं. रिमोट कुठाय म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. ताटं मांडली होती. त्या आधीच त्याच्या डावीकडे बसल्या होत्या, म्हणून ती पाण्याचा तांब्या घेऊन आली ती त्याच्या उजवीकडे बसली. तो घास तोंडात घेऊन काहीतरी सांगत होता. सासूबाईंनी त्याला वाढायला डाव घेऊन हात पुढे केला, वर बघितलं, आणि डाव तसाच हवेत राहिला.



सासूबाईंनी डाव भांड्यात ठेवला. उठल्या, आपलं ताट उचललं, मग खुर्ची. टेबलाला वळसा घालून आल्या आणि ती खुर्ची सुनेच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली.

"तिकडे वारा लागतो," त्या म्हणाल्या.